पोचल्याचा फोटो

गार्डन रीच, कोलकाता
२५ ऑक्टोबर २०२५

सरलाताई, नमस्कार.

मी सुमन. दोन वर्षांपूर्वी तुम्ही लेकीकडे आला होतात, तेव्हा मंडळाच्या गणपतीत आपण शेजारी बसून मोदक वळले होते. तुमच्या कळ्या सुबक, माझ्या फाटक्या, यावरून तुम्ही माझी चांगली थट्टा केली होती. आमचे हे, श्यामकांत, रेल्वेतून निवृत्त झाले आणि आम्ही इथेच राहिलो. इथल्या मराठी मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याचा एक वर्ग मी दर बुधवारी न्यू टाउनमध्ये घेते. तुमची नात कादंबरी त्यात येते. आभा तिला सोडायला येते आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसते.

हे पत्र आणि सोबतचा डबा सलील आणून देतील. ते बँकेत आहेत, नागपूरला बदली झाली आहे त्यांची. डबा आभाचा आहे. तो तसाच कपाटात ठेवा. उघडू नका. कुणाशी त्याबद्दल बोलूही नका, फोनवर तर अजिबात नको.

हा काय प्रकार, असं तुम्हाला वाटेल. आत्ता सांगता येत नाही. आभाची प्रकृती ठीक आहे. मे महिन्यात ती तुमच्याकडून परत आल्यापासून तुम्हा दोघींचं बोलणं बंद आहे, एवढं मला तिच्याकडून कळलं. त्यात मी पडत नाही.

बाकी इकडे बरं चाललं आहे. शनिवारी मी एस्प्लनेडजवळ एका संस्थेच्या प्रशिक्षणाला जाते. घरात मारहाण, धाकदपटशा सोसणाऱ्या बायकांना त्यांच्याच समाजातल्या कुणीतरी आधार देता यावा, म्हणून वेगवेगळ्या मंडळांतल्या बायकांना शिकवतात. आमच्या मंडळातून कुणीतरी जायचं होतं, रिकामी मीच होते.

सुमन

गार्डन रीच
३ नोव्हेंबर २०२५

सरलाताई,

तुमचं पत्र आज मिळालं. तुम्ही डबा उघडलात, तेव्हा आता आडून बोलण्यात अर्थ नाही. "दुसऱ्याच्या संसारात लुडबुड करायचं प्रशिक्षण देतात का तिकडे?" असं तुम्ही विचारलं आहे. ते मी गिळलं. पण त्याच्या खालच्या ओळी मी तीनदा वाचल्या. तुमच्या जावयाचा, कौस्तुभचा फोन आला, आभाने काय पाठवलं म्हणून त्याने विचारलं, आणि तुम्ही "अजून उघडला नाही" म्हणालात. तेव्हा ते खरंच होतं. येत्या रविवारी मला व्हिडिओवर उघडून दाखवा, असं तो म्हणाला आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलं आहे, "मी जन्मभर शाळेत शिकवलं. मी खोटं बोलत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते."

आधी माझी चूक सांगते, कारण या सगळ्याचं मूळ तीच आहे.

आभाने ते कागद मला सांभाळायला दिले होते. डिग्री, पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला, दवाखान्याचे कागद. प्रशिक्षणात हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: बाईने कधी घर सोडायचं ठरवलं तर कागद हाताशी हवेत, म्हणून ते तिच्या विश्वासाच्या माणसाकडे राहू द्या, आणि तिला विचारल्याशिवाय हलवू नका. मी हलवले. कौस्तुभचं आमच्याकडे येणं-जाणं आहे. तो येतो, पेटी वाजवतो, यांच्याशी गप्पा मारतो, स्वतः उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो. एका संध्याकाळी तो माझ्या कपाटाला टेकून उभा राहिला आणि माझा धीर सुटला. नेमके सलील निघाले होते. म्हटलं, आईच्या घरापेक्षा सुरक्षित जागा कुठली?

तुम्हाला इथली रीत माहीत नसेल. नागपूर-पुण्याला कुणी निघालं की आमच्या ग्रुपवर कळवतो. सगळे आपापले डबे, पिशव्या त्याच्याकडे पोचवतात. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर कुणाकडून, कुणाला, ते लिहायचं. पोचल्यावर त्या माणसाने सगळं ओळीने मांडून फोटो टाकायचा. वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे. माझ्या हाताने त्या डब्यावर सवयीने लिहिलं, "आभाकडून, आईला, चिवडा." आणि सलीलनी सवयीने फोटो टाकला.

त्या ग्रुपवर कौस्तुभ आहे. त्यांच्या घरात या दिवाळीला पोहे आलेच नव्हते. किराणा तोच मागवतो, मोबाइलवरून, एकेक वस्तू. त्याने आभाला विचारलं, हा चिवडा केला कशाचा? ती म्हणाली, सुमनकाकूंकडे बसून केला.

मी आभाला सगळं सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. "काकू, तुम्हीपण मला न विचारता ठरवलंत," एवढंच म्हणाली आणि कादंबरीच्या वेण्या सोडून परत घालत बसली.

तुम्ही विचारलं आहे, दवाखान्याच्या कागदावर मनगटाचं लिहिलं आहे ते काय, ती तर जिन्यावरून पडली होती ना? त्याचं उत्तर माझ्याकडून मागू नका. ते तिचं सांगणं आहे, ती सांगेल तेव्हा.

फोन का नको, तेही सांगते. तुमचा फोन कौस्तुभने घेऊन दिला, त्यानेच चालू करून दिला. त्यावर येणारं-जाणारं त्याला दिसतं, असं आभाला वाटतं. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण ती ज्या घरात राहते तिथे तिला जे वाटतं ते धरून चालायचं, असं आम्हाला शिकवलं आहे.

रविवारी त्या डब्यात कागद दिसले तर ती निघायच्या तयारीत आहे हे त्याला कळेल. बाई निघायच्या बेतात आहे हे कळल्यावरच सगळ्यात जास्त धोका असतो. हे माझं मत नाही. संस्थेतल्या बायकांनी अशा घरांचे उंबरे झिजवून सांगितलेली गोष्ट आहे.

कागद बाहेर काढून ठेवा, एवढीच विनंती. रविवारी डब्यात काय असेल आणि तुम्ही काय बोलाल, ते तुमचं तुम्ही ठरवायचं आहे. एकदा मी दुसऱ्याच्या वतीने ठरवून बसले, ते पुरे झालं.

सुमन

गार्डन रीच
१३ नोव्हेंबर २०२५

सरलाताई,

काल वर्गाला आभा आली. मुलं पाटीवर गिरवत होती, तेव्हा तिने हळूहळू रविवारचं सांगितलं. तुम्हाला तुमची बाजू माहीत आहे, तिकडची कळायला हवी म्हणून लिहिते.

त्याने फोन टेबलावर उभा केला आणि तिला मागे उभं केलं, म्हणजे तुम्हालाही ती दिसावी. तिची नजर तुमच्या हाताकडे होती. तुम्ही झाकण काढलंत, तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा डबा काठोकाठ चिवड्याने भरला होता. "वा आई, खाऊन तर दाखवा," तो हसत म्हणाला. तुम्ही घास घेतलात, सावकाश चावलात आणि म्हणालात, "आभा, मीठ कमी पडलंय गं तुझं. आणि जरा दाणे भाजायला शीक."

तो खूश झाला. "आई, तुम्ही तिला बरोबर ओळखता," म्हणाला.

आभा सांगत होती, त्या चिवड्यात खोबऱ्याचे काप होते. तिच्या बाबांना ते दाताखाली आलेलं चालायचं नाही, म्हणून तुमच्या घरात चिवड्यात कधी खोबरं पडलं नाही, ते गेल्यावरही नाही. "दुकानातून आणला होता काकू. आईने. आणि मला बोलली वर." हे सांगताना ती हसली. सहा महिन्यांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

पण कौस्तुभ तेवढ्यावर थांबलेला नाही. सोमवारी तो आमच्याकडे आला आणि यांना म्हणाला, "काका, काकूंनी आणि आभाने केलेला चिवडा कसा झाला होता?" मी पोळपाट हातात घेऊन तशीच उभी. यांना काहीही माहीत नाही. हे म्हणाले, "मला कोण देतं रे? मला तळलेलं बंद आहे. या घरात माझ्यासाठी फक्त दोडका शिजतो." तो हसला, मीही हसले. तो गेल्यावर मी पोळपाट ओट्यावर ठेवला.

आता एक विचारते. आभाच्या परवानगीने विचारते. हे पत्र तिला वाचून दाखवलं आहे.

मे महिन्यात ती तुमच्याकडे आली, तेव्हा तो तिच्या मागोमाग विमानाने आला. तुमच्या पाया पडला. तुम्ही पुरणपोळी केलीत, तिची ओटी भरलीत आणि दोघांना टॅक्सीत बसवून दिलंत. तुम्ही वाईट केलं असं मी म्हणत नाही. मीही तेच केलं असतं. प्रशिक्षणात आम्हाला नाटकातल्यासारखे प्रसंग करायला लावतात. एक बाई पीडित होते, एक सल्ला देणारी. मी सल्ला देणारी झाले आणि सुरुवातच अशी केली: "त्यांनाही बोलावून घेऊ, समोरासमोर बसून समजूत घालू." आमच्या शिकवणाऱ्या पारोमितादी, त्या मला मावशी या अर्थी मासिमा म्हणतात, त्यांनी मला थांबवलं. "मासिमा, घर जाकर उसका क्या होगा?" ती समोर बसून जे बोलेल त्याचा हिशेब घरी दार लावल्यावर होणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडे सगळं जेवणाच्या पानावर मिटवायची सवय.

तर प्रश्न असा. ती आली तर या खेपेला दार तिच्यासाठी उघडं राहील का? आणि तो मागोमाग आला तर बंद राहील का? त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं नाही, जेवायला बसवायचं नाही, "एकदा बोलून बघ" असं तिला म्हणायचं नाही. हे तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा. राग नाही. मग दुसरी सोय पाहू. पण जमेल म्हणून मग जमलं नाही, असं व्हायला नको. तिला पुन्हा निघता येईलच असं नाही.

उत्तर लिहू नका. कौस्तुभ हल्ली आमच्या दारातल्या टपालाकडेही बघतो. हो असेल तर मला गोडा मसाला पाठवा. नाही असेल तर काहीच पाठवू नका.

सुमन

गार्डन रीच
१९ नोव्हेंबर २०२५

सरलाताई,

मसाला मिळाला. एवढा वास कसला, असं पोस्टमनने जिन्यातूनच विचारलं, "मासिमा, की आछे, एतो गंध?" हे म्हणाले, नागपूरकरांनी दगडफूल सढळ हाताने घातलेलं दिसतंय. एवढा मसाला मला वर्षभर पुरेल. तुम्ही अर्धा किलो पाठवलात तो "हो" मोठ्याने म्हणायचा म्हणून, असं मी धरून चालते.

दिवस मी लिहीत नाही. मलाही तो आयत्या वेळी कळेल. आभा ठरवेल, पारोमितादी सोबत असतील. नागपूरला उतरल्यावर ती थेट तुमच्याकडे येणार नाही, कारण तो सगळ्यात आधी तिथेच येणार. तिथल्या संस्थेच्या एक बाई, अश्विनीताई, तिला स्टेशनवरून घेऊन जातील. त्या तुमच्याकडे येऊन सगळं समजावतील, पोलिसांत काय कळवून ठेवायचं तेही सांगतील. त्यांनी सांगितल्यावर तिला भेटा.

तो आला तर तो रडेल. ते खोटंच असेल असं नाही. तरीसुद्धा.

दाराला साखळी आहे का? नसेल तर उद्याच बसवून घ्या.

सुमन

गार्डन रीच
२७ नोव्हेंबर २०२५

सरलाताई,

हे पत्र तुम्हाला वेळेत मिळणार नाही, हे मला कळतं. पारोमितादींना कळवलं आहे, त्या अश्विनीताईंना फोन करतील. तरी लिहिते, कारण तो बाहेरच्या खोलीत बसला आहे आणि मी स्वयंपाकघरात आहे. पोळ्या करते असं सांगून आले आहे. हातांना काहीतरी काम हवं.

दोघी दुपारच्या गाडीने निघाल्या. तो ऑफिसला गेल्यावर आभाने कादंबरीला शाळेतून घेतलं. सोबत फक्त शाळेचं दप्तर. हावड्याला मी गेले नाही. तिनेच नको म्हटलं. ओळखीचं कुणी भेटलं तर माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसेल, म्हणाली. ते खरं आहे.

संध्याकाळी बेल वाजली. दार यांनी उघडलं. "अरे कौस्तुभ! ये, ये. बरा वेळेवर आलास, जेवूनच जा." आमच्याकडे आल्या माणसाला दुसरं काही म्हणायची यांना सवयच नाही.

तो बसला. चहा घेतला. मग शांतपणे म्हणाला, "काका, आभा घरी नाही. कादंबरीही नाही. फोन बंद आहे."

"अरे बापरे," हे उठलेच. "पोलिसांत जाऊ या का? चल, मी येतो."

"आधी काकूंना विचारू या ना," तो माझ्याकडे वळला. आवाज तोच, पेटी वाजवताना 'काकू, चहा झकास' म्हणतो तो. "काकू, तुमच्या त्या एस्प्लनेडच्या क्लासमध्ये हेच शिकवतात का? बायकांना घरातून काढायचं?"

मी म्हटलं, "ऐकायला शिकवतात."

"मग ऐका. कुठे आहे ती?"

माझा फोन टेबलावर होता. त्याने तो सहज उचलला, जसं तो माझ्या स्वयंपाकघरातलं भांडं उचलतो, आणि माझ्यापुढे धरला. "उघडा जरा, काकू. एकदा बघतो आणि देतो. काय लपवायचंय आपल्यात?"

माझा हात पुढे गेला, सरलाताई. लाजेने सांगते. इतक्या सवयीचा आवाज होता, की हात आपसूक गेला.

तेवढ्यात हे म्हणाले, "ठेव ते खाली."

मी यांचा असा आवाज ऐकला नव्हता. यांना अजूनही काहीच माहीत नाही, कारण मी सांगितलेलं नाही. कुणालाच सांगायचं नाही असं ठरलं होतं. यांनी फक्त पाहिलं, की एक माणूस माझी वस्तू आपल्या हातात धरून मला हुकूम करतोय.

"काका, तुमचा काहीतरी गैरसमज..."

"असेल. आधी फोन ठेव."

त्याने ठेवला. हसला. "नागपूर," म्हणाला, माझ्याकडे बघत, विचारत नव्हता. मग मोबाइलवर विमानाचं तिकीट बघत बसला, आमच्याच सोफ्यावर. हे त्याच्या समोर बसले आहेत, जेवायला वाढू का असं विचारत नाहीत, टीव्हीही लावत नाहीत.

बाहेरचं दार लागलं. गेला. यांनी कडी लावली आणि आता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे आहेत. "सुमन, काय आहे हे?" विचारताहेत. आता सांगते.

उद्या सकाळी तो तुमच्या दारात असेल.

सुमन

नागपूर
३० नोव्हेंबर २०२५

सुमनताई,

तुमचं २७ तारखेचं पत्र काल स्पीड पोस्टाने आलं. सगळं होऊन गेल्यावर.

अश्विनीताईंनी आदल्या रात्रीच येऊन सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी सकाळी मी देवपूजा आटोपत होते तेव्हा तो आला. साखळी बसवून घेतली होती. तेवढीच फट ठेवून मी दार उघडलं.

तो बाहेर खाली वाकला आणि फटीतून हात आत घालून माझ्या पायांना लावू लागला. मी पाय मागे घेतले. आयुष्यात कुणी नमस्कार करताना मी पाय मागे घेतले नव्हते.

"आई, आभा इथे आहे ना? मला फक्त कादंबरीला बघायचंय."

मी म्हटलं, "इथे नाही." हे खरं होतं. त्या तेव्हा नव्हत्या. दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी तयारी होती, पण वेळ आली नाही.

तो बराच वेळ बोलला. तुम्ही लिहिलं होतंत तसा रडलाही. आई, तुम्ही मला मुलगा मानता ना, म्हणाला. मी त्याला खरंच मुलगा मानलं होतं, सुमनताई, म्हणून तुम्हाला तसं कडू लिहिलं होतं. मग त्याचा सूर बदलला. "तिला सांगा, परत आली तर बरं. नाहीतर कोर्टात मी तिला आई म्हणून नालायक ठरवीन. कुठे तिला नोकरी मिळते तेही बघतो." हे बोलताना त्याने साखळी बोटांत धरली होती. ओढली नाही, नुसती धरली. मला त्या दवाखान्याच्या कागदावरचं मनगट दिसलं. जिन्याचं मी मे महिन्यात मानलं होतं. मानणं सोपं होतं.

समोरचे शेजारी दारात येऊन उभे राहिले होते. मी पोलिसांचं नाव काढलं, आणि त्याने साखळी सोडली.

जाता जाता तो म्हणाला, "निदान पाणी तरी द्याल का? सकाळपासून काही घेतलं नाही."

तहानलेला माणूस माझ्या दारातून कधी परत गेलेला नाही. माझ्या सासूबाईंनी घालून दिलेलं आहे ते. मी आत गेले, भांडं भरून आणलं आणि साखळीच्या फटीतून बाहेर दिलं. तो प्यायला. रिकामं भांडं पुढे धरून उभा राहिला, मी ते घ्यायला दार उघडीन म्हणून.

मी म्हटलं, "राहू दे तिथेच पायरीवर."

ते भांडं दुपारपर्यंत पायरीवर होतं. साखळी मी काढली नाही.

काल अश्विनीताई मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या. आभाशी मी मे महिन्यानंतर पहिल्यांदा बोलले. काय बोललो ते लिहीत नाही, तुम्ही समजून घ्याल. निघताना मी तिला म्हणणार होते, आता घरी चल. तोंडापर्यंत आलं होतं. मग विचारलं, "तुला काय हवंय?" "आई, थोडे दिवस इथेच राहते," म्हणाली. बरं म्हटलं. कागद तिच्या हातात दिले. कादंबरीने चिवडा मागितला, तिला बिनखोबऱ्याचा करून नेणार आहे.

तुमचा डबा सध्या माझ्याकडेच असू दे. कुणाच्याही हाती पाठवत नाही.

दोघी पोचल्या आहेत. फोटो काढलेला नाही.

सरला